मेंढवाड्याचे पाणी

रंगारी चनबसप्पाने 'धुळाप्पा'मधला 'ळा' जरा वाकडा काढला होता. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी टाकीखाली उभ्या असलेल्या जोतिरामला साऱ्या जगात चुकलेली अशी तेवढीच एक गोष्ट दिसत होती.

बाकी सगळे जागच्या जागी होते. सौर पंपाच्या काचा पुसून लखलखीत केल्या होत्या. वस्तीतल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत नळ पोचला होता, आणि चाचणीचे पाणी त्यांना कधीचेच सुरू झाले होते. टाकीच्या पोटावर जोतिरामच्या वडिलांचे नाव मोठ्या निळ्या अक्षरांत आले होते : 'कै. धुळाप्पा बंडगर पाणी योजना'. त्याखाली चार बोधचिन्हे होती. एक समुद्रापलीकडच्या निधीचे, एक दिल्लीतल्या कुठल्याशा कार्यालयाचे, एक सोलापुरातल्या स्वयंसेवी संस्थेचे; चौथे कशाचे, ते संस्थेचा इंजिनिअर सिद्धारामलाही नीट सांगता आले नव्हते.

होटगीच्या दक्षिणेकडल्या या वस्तीवर आजवर बाहेरचे लोक आले ते जनावरांना लस टोचायला किंवा मते मागायला. पाण्यासाठी आले ते हे निधीवाले. त्यांना 'लोकसहभाग' हा शब्द फार प्रिय होता. टाकी कुठे बांधायची, हे लोकांनी ठरवायचे, असे त्यांनी सांगितले. व्यवहारात लोकांतला जो सर्वांत मोठ्याने बोलेल त्याने ते ठरवायचे असते. बंडगर वस्तीत तो माणूस जोतिराम होता.

ओढ्यापलीकडच्या बसलिंगप्पाने तेव्हा आपल्या वरच्या रानाचा एक तुकडा देऊ केला होता. जोतिरामने तो विषय बैठकीपर्यंत येऊच दिला नाही. बंडगरांची मेंढरे बसलिंगप्पाच्या ज्वारीत शिरण्यावरून दोन्ही घरांत तीन पिढ्यांचे वैर होते. त्या माणसाच्या रानातले पाणी जन्मभर पिण्याची कल्पना जोतिरामला सोसणारी नव्हती. त्याने स्वतःची जागा दिली, आणि तीही घराण्याची सर्वांत लाडकी : जुना मेंढवाडा. धुळाप्पाच्या बापापासून पावसाळाभर कळप तिथेच बसत आला होता. दिवाळी झाली की मेंढरे पश्चिमेकडे चालू लागत आणि मिरगाला परत त्याच जागी येऊन बसत. त्या तुकड्यावरचे गवत चैत्रातही हिरवे असायचे. जिथे हिरवे तिथे पाणी, असे जोतिराम म्हणाला. आणि बोअर मारला तेव्हा पाणी खरोखरच लागले. चुकीच्या तर्कातून एकदा बरोबर उत्तर आले, की तो तर्क माणसाला आयुष्यभर पुरतो.

दिपालीची स्कूटी बाभळीखाली थांबली. जोतिरामची ही लेक सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचे काम करीत असे.

"आलीस? बरं झालं," जोतिराम म्हणाला. "त्यो 'ळा' बघ की. वाकडा वाटतोय का न्हाय?"

दिपालीने वर पाहिले नाही. "तात्या, काल होटगीला जाऊन आले. बाळ बरंय."

"बरंच आसणार. आजीच्या मांडीवर हाय."

बाळ म्हणजे मल्हारचा, जोतिरामच्या थोरल्या मुलाचा मुलगा. बाळंतपणानंतर सुनेला, विजयमालाला, ताप आला आणि दूध आटले. बाळ डब्याच्या दुधावर आले. मग एका सकाळी त्याचे ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसू लागले. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदय तपासले, फुप्फुसे तपासली. दोन्ही चोख निघाली. विश्रांतीसाठी विजयमाला बाळाला घेऊन होटगीला माहेरी गेली, आणि तिथे आठवड्याभरात बाळाचा रंग परत आला. वस्तीवर याचे श्रेय बिरोबाच्या भंडाऱ्याला मिळाले होते.

"डॉक्टरांनी वैनीला विचारलं, दूध कुठल्या पाण्यात कालवत होता," दिपाली म्हणाली. "ती म्हणाली, नव्या नळाच्या."

"मग? वड्याचं पाणी पाजायचं व्हतं का?"

"तसं न्हाय, तात्या. घरी चला. दाखवते."

ओट्यावर तिने काचेच्या दोन लहान नळ्या मांडल्या. एकीत होटगीहून बाटलीत आणलेले पाणी ओतले, दुसरीत आईने, चिमाबाईने, घरच्या नळाचे तांब्याभर आणून दिले त्यातले. दोन्हींत सारखीच भुकटी टाकली, हलवले, आणि नळ्या उजेडात ठेवल्या. धाकटा चुलता बिरप्पा घोंगडे सावरत येऊन पायरीवर टेकला. वस्तीवर मेंढरे राखणारा आता तोच एकटा उरला होता.

होटगीचे पाणी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतके गुलाबी झाले आणि तिथेच थांबले. घरचे पाणी गुलाबीवरून गडद होत गेले आणि शेवटी बीट चिरल्यावर विळीवर राहतो तसा रंग त्याला आला.

"रंग झ्याक हाय," बिरप्पा म्हणाला. "लुगड्याला चालंल."

"आप्पा, रंग जितका गडद तितकं पाण्यात नायट्रेट जास्त. लॅबमध्ये मशीनवरही केलंय मी. हे तुमाला डोळ्यांनी दिसावं म्हणून."

"त्ये काय आसतं?"

"युरिया टाकल्यावर शेवटी पिकाला जे मिळतं ना, तेच. लेंडीत असतं, मुतात असतं. जमिनीत मुरतं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. मोठ्या माणसाला बहुतेक काही होत नाही. पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला हे पाणी गेलं, तर त्याच्या रक्ताला हवेतला प्राणवायू नीट धरता येत नाही. मग ओठ निळे पडतात."

चिमाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "पर मी उकळत व्हते की गं," ती म्हणाली. "फडक्यानं गाळून, चांगलं आटंस्तवर उकळत व्हते."

दिपालीने भुकटीची पुडी मिटून ठेवली. खोटे बोलण्याची तिला सवय नव्हती आणि खरे बोलण्याची ही जागा नव्हती.

"उकळून जंतू मरतात, आय. हे जंतू न्हाईत. पाणी आटतं, आणि हे जितकं होतं तितकंच खाली राहतं."

"म्हंजी मी जेवढं जास्ती…"

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नाही, आणि माझं तर हे रोजचं काम आहे."

चिमाबाई आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"संस्थेनं तपासलं व्हतं," जोतिराम म्हणाला. "बाटली भरून नेली व्हती. माझ्या समोर."

"तपासलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पाणी घेतलं मे महिन्यात. तेव्हा वरची जमीन ठणठणीत कोरडी होती. नंतर पाऊस झाला. त्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या जे साठलं होतं, ते आता खाली आलंय."

"म्हंजी आमच्या मेंढरांनी पाणी नासलं, आसं म्हणतीस?" बिरप्पाचा आवाज चढला. "अगं, गावोगावचे लोक पाया पडत्यात, मेंढरं आमच्या रानात बसवा म्हणून. त्या लेंडीवर तुझ्या आज्यानं घर उभं केलं. तू शाळा शिकलीस ती बी त्याच्यावरच की!"

"म्हणूनच तर गवत हिरवं होतं, आप्पा. खत होतं खाली. खत वाईट न्हाय. पिण्याच्या पाण्यात वाईट."

जोतिरामने टाकीकडे पाहिले. घराच्या ओट्यावरून तिचा वरचा अर्धा भाग दिसत असे. चैत्रातले हिरवे गवत त्याला आठवले. त्या गवताने त्याला खोटे सांगितले नव्हते. त्याने विचारलेला प्रश्नच निराळा होता. पण हा विचार त्याला आवडला नाही, आणि न आवडलेला विचार बाजूला ठेवण्याची कला त्याने उमेदीच्या वयातच कमावली होती.

दुपारी मल्हार मांडवाचे सामान घेऊन आला आणि सगळे ऐकून उभाच राहिला. पंप चालवण्याचे आणि नळ सांभाळण्याचे काम योजनेने त्याच्याकडे दिले होते. मेंढरांमागे न जाता घरी राहण्याची सोय या घराण्यातल्या पुरुषाला पहिल्यांदाच मिळाली होती.

"उद्या परदेशातनं पावणे येणार, आन्‌ तू आज रंग दाखवतीस?" तो बहिणीला म्हणाला. "दोन दिस थांबली आसतीस तर पाणी पळून जाणार व्हतं का?"

"वैनी उद्या बाळाला घेऊन येणार होती ना, दादा?"

"माझ्या लेकराची काळजी मला न्हाय का?" मल्हार खाली बसला. "काळजी हाय म्हणून बोलतोय. खालच्या वस्तीला आन्‌ शाळेला लाइन उद्याच्यावर ठरणार हाय. पाणी खराब म्हटलं की ही माणसं पाट्या उचलून जातील. आन्‌ पुन्हा कोण येणार हितं?"

यात तथ्य होते, आणि दिपालीने ते नाकारले नाही. निधी देणाऱ्यांना दूर देशात आपल्या लोकांना चांगली चित्रे दाखवावी लागतात. बिघडलेली गोष्ट दुरुस्त करण्यापेक्षा नवी बांधण्याची चित्रे चांगली येतात.

जोतिराम बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करीत होता. मग त्याने नेमका प्रश्न काढला. "बाळाला त्यानंच झालं, हे पक्कं हाय का?"

"पक्कं म्हणता येत नाही. एका बाळावरून पक्कं कधीच म्हणता येत नाही. शक्यता मोठी आहे."

"बगा!" मल्हार म्हणाला. "तीच म्हणती, पक्कं न्हाय."

खरे तेवढेच बोलणाऱ्या माणसाचे हे दुखणे असते. त्याच्या 'नाही'ला जेवढे वजन येते, तेवढेच त्याच्या 'पक्के नाही'लाही येते. आणि ऐकणारे आपल्या सोयीचे वजन उचलतात. मल्हारने उचलले, बिरप्पाने उचलले, आणि जोतिरामनेही उचलले. ठरले ते असे : उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्यायचा. पाहुणे गेले की सिद्धारामच्या कानावर घालायचे. लेकुरवाळ्यांना चिमाबाई घरोघर जाऊन हळूच सांगेल.

"आणि पहिलं पाणी?" दिपालीने विचारले.

बंडगरांच्या घराण्यात नव्या पाण्याची एक रीत होती. विहीर असो की बोअर, पहिली पळी बिरोबाला आणि दुसरी वस्तीच्या आसपासच्या सर्वांत तान्ह्या लेकराला. तीही ज्याने जागा दिली त्याच्या हाताने. ते लेकरू मल्हारचे असते तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण मल्हारचे बाळ आजारी पडले, आणि सिद्धारामला फोटोत धनगर आणि लिंगायत दोन्ही समाज एकत्र हवे होते. त्याच्या भिडेखातर जोतिरामनेच ओढ्यापलीकडे निरोप धाडला होता. बसलिंगप्पाच्या सुनेला, रुद्राणीला, महिन्यापूर्वी मुलगी झाली होती. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर होते त्याच्या दारातून होकार आला, याचे वस्तीला आठवडाभर नवल वाटत होते.

"एका पळीनं काय व्हतं?" जोतिराम म्हणाला.

"काही होत नाही," दिपाली म्हणाली.

"मग झालं तर."

तिने नळ्या धुतल्या आणि पुसून पिशवीत ठेवल्या. ती वाद घालील अशी जोतिरामची अपेक्षा होती; न घातलेल्या वादाचे ओझे त्याला अधिक जाणवले.

दिवे लागल्यावर मल्हारने होटगीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून मध्ये ठेवला.

"मी उद्या येत न्हाय," विजयमाला म्हणाली.

"पावणे विचारतील की गं."

"विचारू द्या. सांगा, बाळाला तिथलं पाणी सोसत न्हाय."

"तोंड सांभाळून बोल. उद्याच्या दिवशी आसं सांगायचं?"

"मग कवा सांगायचं? तुमचा पंप चालतोय तवर?" तिचा आवाज शांत होता, तोच मल्हारला जड गेला. "आत्याबाईंना फोन द्या."

चिमाबाई फोनजवळ वाकली आणि हुंदके देऊ लागली.

"आत्या, तुमी रडू नगा," विजयमाला म्हणाली. "रात-रात जागून तुमीच बगितलं त्याला. तुमच्यामुळं न्हाय झालं ते."

चिमाबाईने पदराने तोंड पुसले आणि फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "अवं, मी घरोघर सांगत न्हाय फिरणार," ती म्हणाली. "हळूच तर न्हाईच न्हाय." आणि ती भाकरी थापायला निघून गेली. दुपारी ओट्यावर ठरलेल्या तहातला एक गडी कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवात वस्ती मावेना. ढोल वाजले, धनगरांचा गजी नाच झाला, पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडी चढली. पाहुणे दोघे होते. त्यांतल्या उंच बाईला ढोलाचा नाद इतका आवडला की ती उन्हात उभी राहून लाल होत गेली. सिद्धाराम दुभाष्या झाला होता आणि वस्तीतल्या प्रत्येक वाक्याचे भाषांतर मूळ वाक्यापेक्षा जास्त आनंदाने करीत होता.

बसलिंगप्पा पांढरे धोतर नेसून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून आला. मागे रुद्राणी, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी.

"नोड्री, जोतिराम," तो मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "बगा, वडा ओलांडून मेंढरांवरनं भांडायला न येता आलोय, आसं पयल्यांदाच घडतंय."

"आज मेंढरं लांब बांधलीत," जोतिराम म्हणाला. "म्हणून तर बोलावलं."

लोक हसले. सिद्धारामने भाषांतर केले आणि पाहुणेही हसले, जरा उशिरा.

मल्हारने नळ सोडला. चिमाबाईने तांब्याच्या घागरीत पाणी धरले आणि ती नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. जोतिरामने पळी बुडवून पहिले पाणी शेंदूर लावलेल्या दगडावर सोडले. बिरप्पाने भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" मांडव गरजला. मग जोतिरामने दुसरी पळी भरली.

रुद्राणी पुढे आली. तिने दुपट्याचा कोपरा बाजूला केला. मुलीचे ओठ कोवळ्या गुलाबी रंगाचे होते, आणि ती ते भुकेल्या लेकरासारखे हलवत होती. आदल्या दिवसापर्यंत जोतिरामने कुणा तान्ह्याच्या ओठांचा रंग असा न्याहाळला नव्हता. आता त्याला दुसरे काही दिसेना.

"काकू," रुद्राणी हलक्या आवाजात चिमाबाईला म्हणाली, "आमची नळाची जोडणी पुढल्या आठवड्यात देणार म्हणं. बरं झालं बगा. दूध पुरंना म्हणून डब्याचं सुरू केलंय हिला. ह्येच पाणी चांगलं उकळून घेतलं की चालतंय न्हवं?"

चिमाबाईने नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. ती फक्त वाट पाहत होती. आणि या बाईने लग्नापासून आजवर आपल्या उत्तराची अशी वाट कधी पाहिली नव्हती, एवढे जोतिरामला त्या क्षणीही कळले.

एका पळीने काही होत नाही. हे खरे होते. पण ही पळी पाहून घरी गेलेली रुद्राणी दुसरी पळी, दहावी पळी, रोजची बाटली याच पाण्याची भरणार होती, आणि चांगली आटवून भरणार होती. मोठ्याने बोलणारा माणूस आज काय देतो, त्यावर तिचा विश्वास होता. त्या विश्वासाचे प्रमाण किती असले म्हणजे चालते, हे सांगणारी नळी दिपालीच्या पिशवीतही नव्हती.

जोतिरामने पळी कलती केली. पाणी जमिनीवर पडले.

पाहुण्या बाईला वाटले, रीत अशीच असावी. तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या मागोमाग फोटोवाल्याने, मग सिद्धारामने, आणि मांडवाच्या मागच्या बाजूने थोड्या गोंधळून.

"सायेब, त्यांना सांगा," जोतिराम म्हणाला, "ह्ये टाळ्यांचं न्हाय."

टाळ्या थांबल्या.

"तात्या," मल्हार दातांतून म्हणाला.

"ह्या पाण्यानं लेकराचं दूध कालवायचं न्हाय," जोतिरामने आवाज चढवला. मोठ्याने बोलण्याची सवय आज कामाला आली. "उकळून तर मुळीच न्हाय. पोरी, तुला मी बोलावलं, म्हणून तुला आदी सांगतो. माझ्या नातवाचे ओठ निळे पडले व्हते. त्यानंच पडले का, हे पक्कं न्हाय. पर पक्कं व्हायची वाट तुझ्या लेकीवर बगायची न्हाय. का, कसं, त्ये माझी दिपा सांगंल."

रुद्राणीने मुलीला दुपट्यात ओढून घेतले. मांडवात एकच गलका उठला. बिरप्पा उभा राहिला तेव्हा जोतिरामला वाटले, आता भावाभावांत चव्हाट्यावर जुंपणार.

"मेंढरांना चालतंय का ह्ये पाणी?" बिरप्पाने दिपालीला विचारले.

"आत्ता जितकं आहे तितकं चालतं, आप्पा. कपड्यांना, जनावरांना, शेताला चालतं. दर पावसाळ्यानंतर मी येऊन बघत जाईन."

"मग मेंढरांचं मेंढरांना गेलं," बिरप्पा म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या दृष्टीने हिशोब पुरा झाला होता.

सिद्धारामचा चेहरा पडला होता, पण भाषांतर त्याने प्रामाणिकपणे केले असावे. कारण पाहुण्या बाईचे हसू गेले आणि तिने वही काढण्याऐवजी प्रश्न विचारला. छोटाच असावा.

"त्या विचारतात," सिद्धाराम म्हणाला, "मग पिण्यासाठी पाणी कुठून आणायचं?"

सगळ्यांनी जोतिरामकडे पाहिले. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. मांडवाच्या उघड्या बाजूने ओढा दिसत होता आणि ओढ्यापलीकडे, चढावर, ज्वारी नुकतीच उगवून आलेले बसलिंगप्पाचे वरचे रान. मेंढवाड्यातून उताराने झिरपणारे काहीच तिथवर चढू शकत नव्हते. ते उत्तर फक्त एकाच माणसाच्या तोंडून यायला हवे होते. जोतिरामने पळी धोतराला पुसली, पुन्हा पुसली. वडिलांचे नाव त्याच्या डोक्यावर, टाकीच्या पोटावर होते. तिकडे त्याने पाहिले नाही.

"बसलिंगप्पा," तो म्हणाला, "वरच्या रानातला तुकडा तुमी मागं देत व्हता. आजून देताय का?"

'तुमी' हा शब्द त्या माणसासाठी त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाला होता. तो बसलिंगप्पालाही ऐकू गेला. त्याने घाई केली नाही. सुनेकडे वळून कानडीत काहीतरी विचारले. ती नुसतीच 'हं' म्हणाली आणि मुलीला थोपटत राहिली.

"देतो," तो म्हणाला. "एक अट हाय."

"बोला."

"मेंढरांनी त्या रानात पाय ठेवायचा न्हाय. माझा आजा हेच सांगून मेला. बाप सांगून दमला. मी बी इतकी वर्सं वड्यावर उभं ऱ्हाऊन घसा फोडतोय. एवढी साधी गोष्ट तुमच्या डोक्यात शिरायला लेकीला सोलापूरला धाडून शिकवावं लागलं का, जोतिराम?"

पहिल्यांदा हसला तो बिरप्पा. मग मांडव हसला. जोतिराम हसला नाही, पण त्याच्या खांद्यांवरचा ताण सैल झालेला चिमाबाईने पाहिला आणि घागर खाली ठेवली.

"तिथलंही आधी तपासायचं," दिपाली म्हणाली. "एकदा आत्ता, एकदा पावसानंतर. मगच प्यायचं."

"आं? पाणी माझं, आन्‌ अट तुझी?"

"पहिली माझी, काका. मेंढरांची दुसरी."

पाहुणे दुसऱ्या बोअरचा विचार करू, असे म्हणून गेले. 'विचार करू' याचा अर्थ काय, हे सिद्धारामला सांगता आले नाही. पण जाताना पाहुण्या बाईने दिपालीने पुन्हा रंग आणून दाखवलेल्या त्या दोन नळ्यांचे फोटो काढून नेले, टाकीचे नव्हे. मल्हार मांडव सोडवत होता. बऱ्याच वेळाने त्याने बहिणीला विचारले, "पंप बंद करायचा का?" ती म्हणाली, "कशाला? मेंढरं तहानेली आहेत." त्याने मान हलवली आणि खुर्च्या एकात एक घालू लागला. संध्याकाळी त्याला होटगीला जायचे होते, प्यायच्या पाण्याचे कॅन आणायला आणि बाळाला पाहायला.

जोतिराम टाकीखाली उभा होता. दिपाली शेजारी येऊन थांबली.

"एका पळीनं खरंच काही झालं नसतं, तात्या."

"म्हाईत हाय. तूच सांगितलं व्हतंस की."

रंगारी चनबसप्पा कालच्या वायद्याप्रमाणे निळ्या रंगाचा डबा आणि शिडी घेऊन आला. सकाळी काय झाले, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने शिडी टाकीला लावली आणि वर बोट दाखवले.

"मालक, तेवढा 'ळा' सरळ करून टाकतो."

ओढ्याच्या अंगाने बिरप्पा कळप घेऊन येत होता. पुढची मेंढरे पाण्याचा वास लागून भरभर चालू लागली होती.

"ऱ्हाऊ दे," जोतिराम म्हणाला. "मेंढरांना काय वाचायचंय?"